नेरूळ–उरण लोकल : उरणच्या एका लेकीचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे. गाडी पाच ताऱ्यांची आहे. एक तारा गाडीतून उतरल्यावरच्या उरणसाठी आणि दोन गाड्यांमधल्या वेळेसाठी कापला आहे.

आधी कामाचं सांगते. पोर्ट लाइनची गाडी नेरूळहून आणि बेलापूरहून सुटते. दोन्ही फाटे तरघरला एकत्र येतात आणि पुढे बामणडोंगरी, खारकोपर, गव्हाण असं करत गाडी उरणला पोचते. अंतर साधारण २७ किलोमीटर, वेळ पाऊण तासाच्या आत. मुंबईकडून येणाऱ्यांना थेट गाडी नाही, नेरूळ किंवा बेलापूरला बदलावी लागते. हार्बरसारखं स्टेशनवर जाऊन उभं राहिलं की गाडी येईल, असं इथे धरू नका. वेळापत्रक बघूनच घराबाहेर पडा, कारण एक चुकली की दुपारच्या वेळी तासभर बाकावर काढायची तयारी हवी. डबे स्वच्छ, बसायला जागा मिळते. खारकोपरपर्यंत उलव्याचे लोक असतात, तिथे गाडी रिकामी होते आणि पुढचा अर्धा प्रवास खिडकीशी बसून करता येतो. जाताना जमलं तर खाडीवरच्या पुलाला उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी बघा. तिवरांचं एवढं सलग रान नवी मुंबईत आता फार ठिकाणी उरलेलं नाही.

मी उरण शहरातली, देऊळवाडीची. लग्न होऊन नेरूळला आले आणि बेलापूरला एका कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करते. दिवसभर माझ्या हाताखालून शिपिंग बिलं आणि बिल ऑफ लेडिंग जातात, आणि त्यातल्या बहुतेकांवर बंदराच्या रकान्यात एकच नाव असतं, न्हावाशेवा. देशातल्या प्रमुख बंदरांमधली जवळजवळ निम्मी कंटेनर वाहतूक या एका बंदरातून होते. ते बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्या बंदराच्या गावातून नेरूळला यायला लोकल मिळाली १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूचं उद्‌घाटन झालं त्याच दिवशी. खारकोपरपर्यंतचा पहिला टप्पा २०१८ च्या नोव्हेंबरात झाला होता, पण तो उलव्याला उपयोगी. उरणकर तेव्हाही खारकोपरला उतरून पुढे रस्त्यानेच जायचे. मधली ३५ वर्षं कंटेनरला रेल्वे होती, आम्हाला नव्हती. मालगाड्या दारावरून जायच्या.

तेव्हा माहेरी जायचे मार्ग दोनच. एक एसटी, गव्हाण फाट्यावरून, ट्रेलरच्या रांगेत. दुसरा मुंबईकडून आलं तर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे उरणच्या मोरा धक्क्याची, लाँच. लाँचचा प्रवास सुंदर, पण मोऱ्याला गाळ साचलेला, ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नाही आणि भरतीची वाट बघावी लागते. पावसाळ्यात तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंदच. म्हणून या गाडीची किंमत कळायला उरणचं माणूस असावं लागतं. पहिल्यांदा गाडीने गेले तेव्हा आईने दार उघडून विचारलं, “एवरी लवकर कशी आयलीस गो?” तिला वाटलं मी रजा टाकून सकाळीच निघाले असेन. मी ऑफिस करून आले होते.

गव्हाण सोडल्यावर पुढे बसलेल्यांनी मोबाइल खाली ठेवावा असं माझं सांगणं आहे. डावीकडे जासई. हे प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं गाव. सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या, आणि मोबदला हातावर टेकवून लोकांना बाजूला करण्याच्या विरोधात जे आंदोलन उभं राहिलं ते याच पट्ट्यात पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघरला गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. ‘साडेबारा टक्के’ हा आकडा आज इस्टेट एजंटच्या पाटीवर दिसतो. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची, हा हक्क त्या रक्तातून आला आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा १६ जानेवारीला जासईला हुतात्म्यांना मानवंदना द्यायला मोठी माणसं जायची, अजूनही जातात. याच तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला होता. त्या आठ हुतात्म्यांची नावं आमच्याकडे पाठ करून घेत. जंगल, जमीन, खाडी, जे काही इथल्या माणसाचं होतं ते घ्यायला कोणी ना कोणी आलं, आणि इथल्या माणसाने दर वेळी उभं राहून जाब विचारला. उरणबद्दल मला अभिमान वाटतो तो याचा.

पुढे न्हावाशेवा स्टेशन येतं. प्लॅटफॉर्मवरची ही पाटी बघून नवख्या प्रवाशाला वाटेल की उतरलं की समोर न्हावा आणि शेवा गाव असणार. न्हावा खाडीच्या कडेला आहे. जुनं शेवा मात्र बंदराखाली गेलं. तिथल्या शेतकऱ्यांचं नवीन शेवा झालं आणि कोळ्यांना उरण शहराजवळ हनुमान कोळीवाड्यात आणून बसवलं. त्या वसाहतीला वाळवी लागली. जमिनीतून वर येणारी वाळवी, दाराच्या चौकटी, कपाटं, छपराचे वासे खाणारी. पुनर्वसन नीट करा म्हणून तिथल्या कोळ्यांनी होड्या घालून जहाजांचा मार्ग अडवला, पेपरात फोटो आले, बैठका झाल्या. माझी शाळेतली मैत्रीण तिथे राहते. तिच्याकडे चहाला गेलं की भिंतीवर मातीच्या रेघा चढलेल्या दिसतात. ज्या गावाचं नाव जगभरच्या जहाजांच्या कागदावर आहे त्या गावच्या माणसांना चाळीस वर्षं धड घर नाही, हे मी ऑफिसात कुणाला सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

स्टेशनांच्या नावांवरूनही इथे मोर्चे निघाले. ज्या गावांच्या जमिनीवर स्टेशनं उभी राहिली त्याच गावांची नावं त्यांना द्या, एवढीच मागणी. मला ती पूर्णपणे रास्त वाटते. उरणला बाहेरच्यांनी कायम आपल्या सोयीची नावं ठेवली. इंग्रज-मराठे तहाच्या कागदांत हे ‘करंजा’ बेट. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर ते इंग्रजांकडेच राहिलं. मुंबईच्या लाँचवाल्यांना आम्ही ‘मोऱ्याचे’. सिडकोच्या नकाशात ‘द्रोणागिरी नोड’. माझ्या ऑफिसातल्या मुलांना ‘कंटेनरचं गाव’. आणि अटल सेतू झाल्यापासून आम्ही ‘तिसरी मुंबई’. २०२४ मध्ये एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण नेमलं आणि हे नाव जाहिरातींत झळकायला लागलं. पहिल्या आणि दुसऱ्या मुंबईसाठी ज्यांनी जमिनी दिल्या त्यांचा हिशोब पुरा व्हायच्या आधी तिसरीची मोजणी सुरू झाली आहे, आणि गावागावांतून हरकती गेल्या आहेत. त्या हरकती कुणी हलक्यात घेऊ नयेत.

द्रोणागिरी स्टेशनच्या आसपास वायूवरचं वीज केंद्र आणि बोकडविरा. त्यापलीकडे, समुद्राच्या अंगाला, तेल आणि वायूचा प्रकल्प. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडलं आणि समुद्राखालच्या पाइपांनी ते उरणच्या किनाऱ्यावर आलं. उरण त्याआधीही मुंबईला काही ना काही पुरवतच होतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईला लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून जायची, भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या. मीठ जायचं, मासळी जायची, भात जायचा. मिठागरं आता नावाला आहेत. माझे आजोबा मिठागरावर खपलेले. पायाला मिठाने पडलेल्या भेगा त्यांच्या मरेपर्यंत बुजल्या नाहीत.

वायू आला तेव्हा नोकऱ्याही आल्या, हे मान्य करायलाच हवं. माझ्या मामाला कायम नोकरी लागली, त्यावर तीन मुलं शिकली. पण त्याच्या मुलांच्या वाट्याला कंत्राट आलं, आणि कंत्राटातही स्थानिकांना घ्या म्हणून गेटवर बसावं लागलं. जोखीम मात्र स्थानिकांना कायम आहे. ३ सप्टेंबर २०१९ ला सकाळी प्रकल्पात आग लागली, चार जणांचा जीव गेला. त्या दिवशी नागावची माणसं पोरांना कडेवर घेऊन घराबाहेर पळाली होती. आईचा फोन लागत नव्हता. मी नेरूळहून निघाले, पण रस्ता अडलेला. आज तसं काही झालं तर निदान गाडीने पोचता येईल. या गाडीबद्दल कृतज्ञता वाटण्याचं हे माझं फार खासगी कारण आहे.

उरण स्टेशन मोठं, मोकळं आहे. बाहेर आलात की कोटनाका, आणि तिथून पुढे मात्र तुमचं तुम्ही बघायचं. राजपाल नाक्यापर्यंत चालत जाता येतं. करंजा, केगाव किंवा पीरवाडीच्या किनाऱ्याला जायचं तर रिक्षा, तिचं भाडं आधी ठरवा. गाडीच्या वेळेला जोडून गावांकडे बस हवी. तासाला एक गाडी येते, तिच्यासाठी चार बस सोडणं कुणालाही अवघड नाही.

चालत निघालात आणि चारफाट्याकडे जायचं असेल तर लहान मुलांचा हात सोडू नका. उरण तालुक्यात रस्त्यावर जेवढी माणसं ट्रेलरखाली गेली तेवढी समुद्राने नेली नसतील, असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या वर्गातला एक मुलगा बारावीनंतर लगेच गेला, सायकलवर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे केलेले ट्रेलर, ड्रायव्हरला झोपायला जागा नाही, आंघोळीला पाणी नाही, तो दूर उत्तरेकडून तीन दिवस गाडी चालवत आलेला. मी त्या ड्रायव्हरांनाही दोष देत नाही. मोठा अपघात झाला तर माणसाला बेलापूर, नेरूळ नाहीतर वाशीला न्यायचं, म्हणजे त्याच ट्रेलरच्या रांगेतून. शंभर खाटांच्या रुग्णालयाची मागणी किती निवडणुकांच्या भाषणांत ऐकली त्याची गणती नाही. लोकलने डायलिसिसला नेरूळला येणारी उरणची माणसं मला गाडीत भेटतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हातात डबा आणि फाइल.

गाडीत भेटणाऱ्यांपैकी माझी आवडती करंज्याची एक काकी. सकाळी पाटीत सुकट, जवळा, कधी ओला बोंबील घेऊन नेरूळला विकायला येते. मागे एकदा म्हणाली, “गारी झायली तं बरा झायला गो बाय. पयले पाटी घेऊन येष्टीन चरलू का सगली नाकाला पदर लावाची.” मालडब्यात तिच्यासारख्या पाच-सहा जणी असतात. समुद्रात भराव पडले, पाणजेची पाणथळ जागा आटत चालली, खाडीत मासळी कमी झाली. तिच्या नवऱ्याला डिझेल घालून पूर्वीपेक्षा लांब जावं लागतं, हे ती सांगते आणि मग मला जवळा जास्त मापाने घालते. नेरूळकरांनो, या बायकांकडून घ्या. मासळी मार्केटपेक्षा ताजी असते आणि पैसा थेट करंज्याला जातो.

कापलेला एक तारा मी आनंदाने परत देईन, दोन गोष्टी झाल्या की. गर्दीच्या वेळी अर्ध्या तासाला गाडी, आणि रात्री बंदरातली दुसरी पाळी सुटल्यावर बेलापूरकडे जाणारी एक गाडी. गोदामांत काम करणारी पोरं आज रात्री मोटारसायकलवर ट्रेलरांमधून घरी येतात. रेल्वेकडे तशी लेखी मागणी प्रवाशांनी केली पाहिजे, मी माझी सही घेऊन तयार आहे. रविवारी फिरायला जाणाऱ्यांनी सकाळची गाडी धरावी, पीरवाडीला ऊन चढायच्या आत पोचावं, दुपारी उरणच्या बाजारातून तांदळाच्या भाकरीचं पीठ आणि सुकी मासळी घ्यावी, आणि परतीची वेळ स्टेशनवर उतरल्या उतरल्याच बघून ठेवावी.