गावची झेडपी की तालुक्याची इंग्लिश मीडियम?

मावसभावाची मुलगी यंदा पहिलीत जाईल आणि घरात रोज यावरच खल चालू आहे. फ्लेक्सवरचे हसरे चेहरे बाजूला ठेवून बघू.

खर्च: झेडपीत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारचा भात शाळेतच. तिकडे फी सांगतात. व्हॅन, गणवेश, बूट मागाहून निघतात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) राखीव २५ टक्के जागांत नंबर लागला तरी व्हॅनचे पैसे तुझेच.

शिकवणं: खरी मेख इथे आहे. प्राथमिकचा पट ६० पर्यंत असेल तर कायद्याने दोन शिक्षक. म्हणजे एकच गुरुजी फळ्याच्या डावीकडे तिसरीची वजाबाकी, उजवीकडे चौथीचा भागाकार घेतात. वर निवडणुकीची कामं. तालुक्याला वर्गाला एक बाई मिळते, पण पोरं उत्तरं घोकतात आणि घरी समजावणारं कोणी नसतं. दोन्हीकडे तिसरीच्या पोराला न शिकवलेलं पान वाचायला लाव, कळेल.

नवोदय (केंद्र सरकारची सहावीपासूनची निवासी शाळा): हे कुणी सांगत नाही. तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, पण तिसरी ते पाचवी ग्रामीण भागातल्याच शाळेत व्हावी लागते. तालुक्याची शाळा नगरपरिषद हद्दीत असेल तर तो हक्क गेला.

गुरुजी टिकून असतील, नवोदयचा विचार असेल, तर झेडपी. घरात इंग्रजी समजणारं कोणी असेल, किंवा गावच्या शाळेत पाच-सातच पोरं उरली असतील, तर तालुका. मावसभावाच्या मुलीला मी पाचवीपर्यंत गावातच ठेवीन.