शेफील्डच्या बालरुग्णालयातल्या रंगीत खोल्या : लॅमिनेटच्या भिंतींचं परीक्षण

लहान मुलांचा वॉर्ड सजवायचा म्हटलं की आपल्याकडे फ्लेक्सवाल्याला फोन जातो. छोटा भीम, मिकी, चार फुलपाखरं, विनाइलचे स्टिकर, की झालं काम. मग रोजच्या पुसण्यात स्टिकरच्या कडा सुटतात, उघड्या पडलेल्या गोंदाला काळी धूळ चिकटते आणि संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर ते काढून टाकायला सांगतात. त्यांचं बरोबरच असतं. इंग्लंडमधल्या शेफील्ड चिल्ड्रन्स हॉस्पिटलने हेच काम मुळापासून वेगळ्या रीतीने करून घेतलं. नवा वॉर्ड बांधायला काढलेल्या प्रत्येक डॉक्टरने आणि आर्किटेक्टने ते बारकाईने पाहावं, इतकं ते चांगलं उतरलं आहे.

काम २०१७ चं. रुग्णालयाच्या नव्या विंगमध्ये बाथरूमसह ४६ स्वतंत्र खोल्या आणि एकाहून जास्त खाटांचे ६ कक्ष आहेत. इमारत अवंती आर्किटेक्ट्सची, तर खोल्यांचं डिझाइन मोराग मायर्सको यांचं. त्यांना काम दिलं आर्टफेल्टने, म्हणजे रुग्णालयासाठी निधी उभारणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या कला शाखेने. त्रिकोण, चौकोन, पट्टे अशा ठसठशीत भौमितिक आकृत्या आणि त्यांत छापलेले लाकडाचे रेषे. खोलीत पाऊल टाकलं की रुग्णालयाचा पांढरा-हिरवा उदासपणा जाणवत नाही. मुलाबरोबर रात्र काढणाऱ्या आईवडिलांनाही ही खोली बरी वाटावी, हे त्यात धरलेलं दिसतं, आणि ते फार महत्त्वाचं आहे.

खरी करामत आहे ती साहित्यात. या भिंतींवर फॉर्मायकाचं लॅमिनेट आहे, आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते. खरं लाकूड अशा खोलीत चालत नाही, कारण ते ओल आणि डाग शोषतं आणि जंतुनाशकाने खराब होतं. लॅमिनेटमध्ये छापील कागद मेलामाइनमध्ये भिजवलेल्या पारदर्शक थराखाली असतो आणि सगळे थर उष्णता व दाबाखाली एकजीव केलेले असतात. त्यामुळे पुसणारा कपडा चित्रापर्यंत पोचतच नाही. विनाइलवर किंवा ऑइलपेंटवर रोज हायपो (फरशी-भिंती पुसायचं क्लोरीनचं जंतुनाशक) फिरवलं तर रंग आधी फिका पडतो, मग पोपडे धरतो. इथे झिजतो तो वरचा थर, आणि तोही फार सावकाश.

दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे चार रंगसंगती, आणि त्यांतली एक मुद्दाम फिकी. ऑटिझम असलेल्या किंवा भडक रंगांचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी ती आहे. सगळ्या वॉर्डला एकच झगमगाट देणं सोपं होतं, पण मग ही मुलं कुठे गेली असती?

भौमितिक आकृत्यांवर एक रास्त आक्षेप आहे. स्वीडनमध्ये उप्साला इथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर संशोधक रॉजर उल्रिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात झाडं-पाण्याचं दृश्य पाहणाऱ्यांची चिंता कमी भरली, पण सरळ कडांच्या अमूर्त चित्राने ती काहीच न लावण्यापेक्षाही वाढली. मग शेफील्ड चुकलं का? आमच्या मते नाही. तो अभ्यास नुकत्याच मोठ्या शस्त्रक्रियेतून बाहेर आलेल्या प्रौढांचा होता. मुलांच्या साध्या वॉर्डला तो जसाच्या तसा लागू होत नाही. आयसीयूत मात्र असे त्रिकोण लावू नयेत. आणि मुलांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नये. शेफील्ड विद्यापीठाच्याच संशोधकांनी ४ ते १६ वयाच्या सुमारे २५० मुलांना रुग्णालयाच्या सजावटीबद्दल विचारलं होतं. २००८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मोठ्यांना हमखास वाटणारे विदूषक मुलांना नकोसे होते, काहींना तर त्यांची भीती वाटत होती. बाळबोध चित्रांनी १४ वर्षांचा मुलगा ओशाळतो, हेही लक्षात घ्यावं. त्या दृष्टीने आकृत्यांना वय नसतं, हा शेफील्डचा फायदाच.

आता हे आपल्याकडे करायचं तर कुठे घोडं अडतं? सगळ्यात आधी खाटेच्या डोक्याशी. तिथे ऑक्सिजन आणि सक्शनचे आउटलेट, स्विच, नर्सकॉलची घंटी, मॉनिटरचा ब्रॅकेट असं सगळं एका पॅनेलवर असतं. चित्र आधी काढलं आणि हे पॅनेल नंतर बसवलं, तर चित्राचा मधोमध कोथळा निघतो. म्हणून प्रत्येक भिंतीचं मोजमापासह रेखाटन सगळ्या आउटलेटसकट चित्रकाराच्या हातात द्यावं, त्यानंतरच डिझाइन मागावं. ८ बाय ४ फुटी शीटचे सांधे कुठे येणार तेही त्याच कागदावर आखावं. सांधा आकृतीच्या कडेवर आला तर दिसत नाही, पोटातून गेला तर डोळ्यांत खुपतो. सांधे सिलिकोनने बंद करावेत, वर धूळ बसणारी पट्टी ठेवू नये.

सुतारकामात हमखास होणारी चूक म्हणजे प्लायला एकाच बाजूने लॅमिनेट लावणं. मागच्या बाजूला ताण सारखा ठेवणारी बॅलन्सिंग शीट नसली की पॅनेल वाकतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच. साध्या एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीची) उघडी कड पाणी पिऊन फुगते, त्यामुळे ती सील झालीच पाहिजे. जमिनीलगत फरशी पुसण्याचं पाणी लागतं, तिथे लॅमिनेट उतरवूच नये, स्कर्टिंग वेगळं घ्यावं. स्ट्रेचर घासतो त्या कोपऱ्यांना कॉर्नर गार्ड लावावेत.

रंगाबाबत एक वैद्यकीय पथ्य आहे. गडद पिवळ्या किंवा निळ्या भिंतीचा रंग मुलाच्या कातडीवर पडतो आणि कावीळ किंवा ओठांचा निळेपणा ओळखताना नजर फसते. खाटेच्या अगदी जवळ गडद रंगाचं मोठं क्षेत्र नको, तपासणीचा दिवा रंग जसेच्या तसे दाखवणारा हवा, आणि रंगाचा नमुना कारखान्यात न पाहता वॉर्डच्याच दिव्यांखाली पाहून मंजूर करावा. मंजुरीच्या वेळी सिस्टर आणि सफाईच्या मावशीही हजर हव्यात.

लॅमिनेटची मर्यादा भिंतीपुरतीच. उताणं पडलेल्या मुलाला छत दिसतं आणि ऑपरेशनला नेताना पॅसेज. तिथे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातलं जेसन ब्रुजेस स्टुडिओचं २०१२ चं 'नेचर ट्रेल' जास्त कामाचं. ऑपरेशन थिएटरकडे जाणाऱ्या पॅसेजच्या भिंतीत ७० एलईडी पॅनेल, एकूण ७२,००० एलईडी. मूल पुढे सरकेल तसे झाडीच्या चित्रामागून घोडे, हरणं, बेडूक, पक्षी दिसत जातात. पॅनेल वेगवेगळ्या उंचीवर असल्याने चालणाऱ्या आणि ट्रॉलीवर आडव्या झालेल्या, दोन्ही मुलांना काहीतरी दिसतं. कल्पना शेफील्डपेक्षा सरस, पण सांभाळायला अवघड. सेन्सर, पॉवर सप्लाय, व्होल्टेजचे चढउतार, सगळं आलं. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरता येत नसेल, तर याच्या वाटेला जाऊ नये, कारण बंद पडलेलं पॅनेल मोकळ्या भिंतीपेक्षा वाईट दिसतं.

लॅमिनेटचा एक तोटा उरतोच. रंगासारखा त्यावर हात मारता येत नाही, चिरलं की पूर्ण पॅनेल बदलावं लागतं. म्हणून करारातच छपाईची मूळ फाइल आणि पुन्हा छापण्याचा हक्क रुग्णालयाकडे ठेवावा. शिवाय प्रत्येक डिझाइनच्या एक-दोन शीट त्याच लॉटमधून जास्त छापून घ्याव्यात, कारण पुढच्या लॉटमध्ये छटा बदलते. त्या स्टोअरमध्ये सपाट, आडव्या ठेवाव्यात. भिंतीला टेकवून ठेवलेल्या शीट वाकतात आणि गरजेच्या वेळी बसत नाहीत.