किबाले की न्युंग्वे?

चिंपांझी पाहायचे एवढंच मनात असेल तर फार विचार करू नका, युगांडातलं किबालेचं जंगल गाठा. इथे सुमारे दीड हजार चिंपांझी आहेत आणि कान्यांचू या पर्यटक केंद्राहून वाटाड्यासोबत निघालं की ते दिसण्याची शक्यता खूप जास्त. सापडल्यावर एक तास मिळतो. उंबराच्या जातीचं झाड फळांनी लगडलेलं असेल तर तो तास कमीच पडतो.

रवांडातल्या न्युंग्वेच्या जंगलातही चिंपांझी आहेत, पण तिथले डोंगर दम काढतात. पहाटे अंधारात निघायचं, चिखलाचा उतार घसरत उतरायचा आणि तेवढाच परत चढायचा. गुडघे कुरकुरत असतील तर किबालेच बरं. मात्र न्युंग्वेतले कोलोबस माकडांचे शेकडोंचे कळप एकदा पाहिले की चढणीचा राग उरत नाही.

पक्ष्यांचं गणित वेगळं. आफ्रिकेतल्या आल्बर्टाइन खोऱ्यालगतच्या डोंगरांखेरीज कुठेच न सापडणारे पक्षी, त्यातही रुवेन्झोरी तुराको, हवे असतील तर न्युंग्वे. वर झुलता पूल आहेच, झाडांचे शेंडे खाली ठेवून चालायला. किबालेत मात्र हिरव्या छातीचा पिट्टा आहे, म्हणजे आपल्या नवरंगाचा भाऊबंद. तो उजाडताना फांदीवर उड्या मारत घुमतो. तेवढ्यासाठी पक्षीवेडे अर्धं जग ओलांडतात. शिवाय शेजारच्या बिगोडी पाणथळीत गावकरीच वाट दाखवतात आणि निळा तुराको बऱ्याचदा आरामात दिसतो.

माझं मत किबालेला. दुसऱ्यांदा जायचं झालं तर न्युंग्वे.