अनएम्प्लॉयमेंटचं कार्ड रात्रीत रिकामं होतं तेव्हा

अमेरिकेत नोकरी गेलेल्यांना राज्याकडून मिळणारा भत्ता (अनएम्प्लॉयमेंट) पुष्कळदा बँकेच्या एका डेबिट कार्डावर जमा होतो. त्या कार्डावर टपलेल्या चोरांचा मेसेज साधारण असा असतो: ‘तुमचं बेनिफिट कार्ड सुरक्षेसाठी थांबवण्यात आलं आहे. या आठवड्याचे पैसे मिळण्यासाठी आजच ओळख पटवा.’ खाली एक लिंक. नोकरी जाऊन महिना झालेला, घरभाडं तोंडावर आलेलं आणि पैसे आजउद्या जमा व्हायचे आहेत. अशा वेळी बोट त्या लिंकवर जातंच. उघडलेल्या पानावर राज्याच्या खात्याचं चिन्ह असतं, रंगही तेच. आधी युजरनेम आणि पासवर्ड विचारतात, मग ‘तुमच्या फोनवर आलेला सहा आकडी कोड टाका’ म्हणतात. कोड खरोखरच येतो, कारण पलीकडे बसलेला चोर त्याच क्षणी कार्डाच्या खऱ्या साइटवर तुमच्या नावानं लॉगिन करत असतो. कोड टाकला की पान ‘धन्यवाद, कार्ड सुरू झालं’ असं सांगतं. कार्ड बंद झालेलंच नसतं, त्यामुळे ते चालतं आणि माणूस निर्धास्त होतो.

आत शिरलेला चोर पैशांना लगेच हात लावत नाही. तो आधी फोन नंबर आणि ईमेल बदलतो, म्हणजे पुढच्या सूचना तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. मग दुसऱ्या एखाद्या बँकेचं खातं जोडून ठेवतो आणि जमा होण्याची वाट पाहतो. त्याला तुमचं वेळापत्रक ठाऊक असतं. कॅलिफोर्नियात दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करावं लागतं, म्हणजे आपण अजून भत्त्याला पात्र आहोत असं राज्याला कळवावं लागतं, बरेच जण ते रविवारीच उरकतात आणि एकदोन दिवसांत पैसे येतात. तिथला कमाल भत्ता आठवड्याला ४५० डॉलर, म्हणजे एका वेळी ९०० डॉलर. कुठल्या वारी किती रक्कम येणार हे इतकं नेमकं फार थोड्या खात्यांबद्दल सांगता येतं.

दुसरी वाट एटीएमची. मशीनच्या खाचेवर किंवा पेट्रोल पंपावरच्या रीडरवर स्किमर, म्हणजे कार्डाची माहिती चोरून वाचणारं यंत्र, बसवतात आणि पिनसाठी वर बारीक कॅमेरा. कार्डामागची काळी चुंबकीय पट्टी वाचून तिची नक्कल दुसऱ्या कार्डावर उतरवली की काम झालं. या प्रकारात व्यवहारांच्या यादीत एक ठरलेली खूण दिसते: आधी फक्त शिल्लक विचारलेली असते, मग मध्यरात्रीच्या थोडं आधी एकदा पैसे काढलेले असतात आणि बारा वाजून गेल्यावर पुन्हा एकदा. रोजची मर्यादा बाराला नव्यानं सुरू होते म्हणून. यादीत तुम्ही न केलेला बॅलन्स इन्क्वायरीचा व्यवहार दिसला, त्यावर शुल्क लागलेलं असो वा नसो, तर पैसे जायच्या आधीच कार्ड बंद करून घ्या.

कॅलिफोर्नियात २०२० मध्ये जे झालं त्यात ही पट्टी हे एक कारण होतं. तेव्हाची कार्डं बँक ऑफ अमेरिकेची होती आणि त्यांवर चिप नव्हती. महामारीत लाखो लोक एकदम भत्त्यावर आले, चोऱ्या वाढल्या. मग बँकेनं तक्रारी निकाली काढायला संगणकी गाळणी लावली आणि त्या गाळणीनं खऱ्या बेकारांचीही खाती गोठवली. जुलै २०२२ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण संस्थेनं, म्हणजे सीएफपीबीनं, बँकेला १० कोटी डॉलरचा दंड केला आणि बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या ओसीसीनं वेगळा १२.५ कोटींचा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे मनी नेटवर्कचं चिप असलेलं कार्ड मिळतं. डिसेंबर २०२३ मध्ये यूएस बँकेवरही अशीच कारवाई झाली: रिलायाकार्ड या तिच्या भत्ता कार्डावर पैसे घेणाऱ्यांची खाती गोठवली आणि त्यांना पैसे मिळवायचा नीट मार्ग ठेवला नाही म्हणून. हे सांगायचं कारण एवढंच, की ‘तुमची तक्रार नामंजूर’ असं पत्र आलं म्हणजे ते बरोबरच असेल असं नाही.

पैसे गेल्यावर माणसाची खरी दमछाक होते ती दोन दारांमध्ये. बँक म्हणते राज्याला विचारा, राज्य म्हणतं बँकेला विचारा. यात आठवडे जातात. कुठलं दार आपलं हे पाच मिनिटांत ठरवता येतं. राज्याच्या पोर्टलवर तो आठवडा ‘पेड’ दिसतो का बघा. ‘पेड’ असेल, रक्कम कार्डावर आली असेल आणि तिथून गेली असेल, तर दार बँकेचं. राज्यानं आपलं काम केलं आहे. ‘पेंडिंग’ असेल तर चोरी झालेलीच नाही, अर्ज किंवा ओळखपडताळणी अडकली आहे आणि दार राज्याचं. तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही: ‘पेड’ दिसतं, पण पैसे कार्डावर कधी आलेच नाहीत. अशा वेळी पोर्टलमधलं ‘पेमेंट मेथड’ उघडून बघा. तिथे अनोळखी बँकेचं खातं दिसलं तर राज्याचं पोर्टलच फोडलेलं आहे. मग राज्याच्या फसवणूक विभागाकडे जायचं, बँकेकडे नाही.

दार बँकेचं असेल तर फोनवर वापरायचे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘माझे पैसे दिसत नाहीत’ म्हणालात तर तो चौकशीचा फोन ठरतो आणि ‘४८ तास थांबा’ असं उत्तर मिळतं. ‘अनऑथोराइज्ड ट्रान्झॅक्शन’ची तक्रार नोंदवतो आहे, असं म्हणा. प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि रक्कम सांगा, क्लेम नंबर घ्या, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. लेखी मागितलं तर १० दिवसांच्या आत पाठवा आणि पाठवल्याची पावती जपा. त्याच फोनवर जुनं कार्ड बंद करून नवं मागवा, आणि बदललेला फोन नंबर, ईमेल आणि जोडलेलं खातं काढून टाकायला लावा. हे शेवटचं राहून जातं, आणि दोन आठवड्यांनी पुढची रक्कमही त्याच वाटेनं जाते.

या फोननंतर कायद्याचं घड्याळ सुरू होतं. १९७८ च्या इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायद्याखालची रेग्युलेशन ई ही नियमावली या कार्डांना लागू आहे. बँकेनं कामकाजाच्या १० दिवसांत चौकशी पुरी करायची. जमलं नाही तर तेवढी रक्कम तात्पुरती कार्डावर परत घालायची आणि मग ४५ दिवसांपर्यंत वेळ घ्यायचा. खातं अगदी नवं असेल, म्हणजे पहिली रक्कम जमा होऊन ३० दिवस झाले नसतील, तर १० चे २० होतात आणि ४५ चे ९०. दुकानात डेबिट म्हणून कार्ड वापरलेलं असेल तरी ९० दिवस लागू शकतात. तात्पुरती रक्कम कुणी आपणहून देईलच असा भरवसा धरू नका. अकराव्या दिवशी फोन करून ‘प्रोव्हिजनल क्रेडिट’ मागा.

आता नुकसान कुणाच्या माथी, ते. कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं आणि कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर जास्तीत जास्त ५० डॉलर. उशीर झाला तर ५०० पर्यंत. कार्ड तुमच्याच पाकिटात आहे आणि फक्त नंबर किंवा पट्टीची नक्कल वापरली गेली, तर कायदा आणखी तुमच्या बाजूनं आहे: ६० दिवसांच्या मुदतीत कळवलं की तुमच्यावर काहीच नाही. या कार्डांचं कागदी स्टेटमेंट बहुधा येत नाही. म्हणून हे ६० दिवस तुम्ही तो व्यवहार असलेली यादी ऑनलाइन पाहिलीत तेव्हापासून, किंवा यादी लेखी पाठवली गेली तेव्हापासून, यांत जे आधी घडेल तिथून मोजतात. काही बँका त्याऐवजी व्यवहारापासून सरळ १२० दिवस धरतात. मुदत मोठी दिसते म्हणून थांबू मात्र नका, कारण पुढची रक्कम येतेच आहे.

नामंजुरीचं ठराविक कारण असतं: ‘बरोबर पिन वापरला गेला, म्हणजे व्यवहार तुम्हीच केला.’ यावर गप्प बसू नका. व्यवहार तुमच्या परवानगीनं झाला हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्यानं बँकेवर आहे. पिन कागदावर लिहून कार्डासोबत ठेवला होता, एवढ्यानंही तुमच्यावरचा बोजा वाढत नाही. फसवून काढून घेतलेल्या माहितीवर चोरानं केलेला व्यवहार ‘अनऑथोराइज्ड’च धरला जातो. पण कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, तर हे संरक्षण सुटतं. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि आधी पोलिस रिपोर्ट आणा, मगच चौकशी सुरू करू, असं बँकेला म्हणता येत नाही. नामंजुरी आली तर चौकशीत वापरलेली कागदपत्रं लेखी मागा. ती द्यावी लागतात. त्यानंतर सीएफपीबीकडे ऑनलाइन तक्रार करा. राज्याच्या दारात अडकलेल्यांनी आपल्या भागातल्या राज्य विधानसभा सदस्याच्या कार्यालयाला फोन करावा. मतदारांची अशी कामं पाहणारी माणसं तिथे असतात आणि महिनोन्महिने न हललेली फाइल त्यांच्या एका ईमेलवर हलू शकते.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. वरचे निकाल पुष्कळदा जाहिराती असतात आणि त्यांतले काही नंबर चोरांचेच. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. कार्ड आल्या दिवशीच तो फोनमध्ये साठवा, कारण कार्ड हरवलं की नंबरही जातो. ‘डॉट गव्ह असेल तर खरं’ हा नियम इथे अर्धाच उपयोगी पडतो. राज्याची साइट डॉट गव्ह असते, पण कार्डाची साइट खासगी कंपनीची, डॉट कॉम. चोर नेमकी तिचीच नक्कल करतो. पत्ता कार्डाबरोबर आलेल्या कागदावरून स्वतः टाइप करा. अर्ज भरून देण्याचे पैसे मागणारी साइट तर थेट सोडा. अर्ज सगळीकडे फुकट आहे.

सगळ्यात चांगलं म्हणजे पैसे कार्डावर थांबूच न देणं. ठरावीक एकाच बँकेत खातं उघडायची सक्ती राज्याला करता येत नाही, त्यामुळे आपल्या खात्यात थेट जमा किंवा चेक असा काही पर्याय असतो, तो निवडा. कार्डच घेतलं असेल तर पैसे आल्या दिवशी आपल्या खात्यात वळवा. नाहीतर कार्डावर ज्या नेटवर्कचं चिन्ह आहे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड, त्या नेटवर्कच्या बँकेत काउंटरवर ओळखपत्र दाखवून पूर्ण रक्कम सुट्ट्या सेंटांसकट काढता येते. एटीएम ते करू देत नाही. पेट्रोल भरताना पंपावर कार्ड घालू नका, आत जाऊन आकडा सांगून पैसे द्या. पंपावर स्किमरचा धोका तर आहेच, शिवाय २० डॉलरचं पेट्रोल घेतलं तरी १०० डॉलरच्या वरची रक्कम तात्पुरती अडकून पडू शकते.

भत्ता मागितलेलाच नाही आणि तरी कार्ड टपालात आलं, तर ते चुकून आलेलं नसतं. कुणीतरी तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर वापरून अर्ज केला आहे. कार्ड सुरू करू नका. राज्याच्या फसवणूक विभागाला आणि नोकरीवर असाल तर एचआरला त्याच दिवशी कळवा, कारण अर्जाची नोटीस कंपनीकडेही जाते. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावानं कुणाला नवं कर्ज काढणं अवघड होतं. २०१८ पासून ते फुकट आहे. जानेवारीअखेर १०९९-जी, म्हणजे वर्षभरात मिळालेला भत्ता टॅक्ससाठी दाखवणारा फॉर्म, आला तर दुरुस्त फॉर्म मागा. न मिळालेलं उत्पन्न टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचं नाही, दुरुस्त फॉर्म आला नसला तरी. ‘जास्त पैसे दिले, परत करा’ अशी नोटीस आली तर अपिलाची मुदत आधी वाचा: कॅलिफोर्नियात ३० दिवस, टेक्ससमध्ये फक्त १४. सोशल सिक्युरिटी नंबर चोरांच्या हाती जातो कुठून? बरेचदा व्हॉट्सअॅपवर आलेल्या ‘रिक्रूटर’कडे. मुलाखतीआधीच बॅकग्राउंड चेकसाठी लायसनचा फोटो आणि सेल्फी मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो.

ले-ऑफनंतर मन मोकळं करायला पुण्याला किंवा नागपूरला महिनाभर जाऊन येणाऱ्या ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणि नागरिकांसाठी एक स्वतंत्र गोष्ट. एच-१बी वाल्यांना हा भत्ता बहुतेक ठिकाणी मिळतच नाही. देशाबाहेर असलेल्या आठवड्यांत तुम्ही ‘कामासाठी उपलब्ध’ धरले जात नाही, म्हणून त्या आठवड्यांचा भत्ता साधारणपणे लागू नसतो. भारतातून व्हीपीएन (आपण अमेरिकेतच आहोत असं भासवणारं सॉफ्टवेअर) लावून सर्टिफाय करायचा सल्ला देणारे भेटतील. ते केलंत तर खोटं विधान तुमचं ठरतं, रक्कम दंडासह परत जाते. शिवाय अमेरिकेतला नंबर बंद ठेवला की ओटीपी येत नाहीत, आणि तिकडे कुणी फोन नंबर बदलला तरी परत येईपर्यंत पत्ता लागत नाही. जाण्याआधी कार्ड रिकामं करा आणि कार्डाच्या ॲपमध्ये लॉकची सोय असेल तर ते लॉक करा.

भत्ता संपला म्हणून कार्ड कापूनही टाकू नका. अपील जिंकलात किंवा मागचा एखादा आठवडा उशिरा मंजूर झाला, तर ते पैसे त्याच कार्डावर येतात. कार्डावर छापलेली मुदत संपेपर्यंत ते जपून ठेवा, आणि घर बदललंत तर नवा पत्ता राज्याला आणि बँकेला असा दोन्हीकडे वेगवेगळा कळवा.