मुलांचा खरारा-संच: आठ नगांतले कामाचे किती?

मूल घोडेस्वारीच्या वर्गाला जायला लागलं की लवकरच हट्ट सुरू होतो तो स्वतःच्या सामानाचा. ऑनलाइन दुकानांत 'किड्स ग्रूमिंग किट' या नावाने खराऱ्याचा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करायचा, आठ नगांचा संच मिळतो. त्यात रबरी खरारा, लोखंडी खरारा, कडक ब्रश, मऊ ब्रश, आयाळीचा कंगवा, खूर साफ करायची आकडी, घाम निपटायची पट्टी आणि स्पंज असतो, शिवाय हे सगळं भरायला एक रंगीत पिशवी. ८ ते १२ वर्षांच्या मुलांच्या दृष्टीने पाहिलं तर यातल्या तीन वस्तू उत्तम, दोन चालण्याजोग्या आणि तीन बदलाव्यात अशा.

उत्तम म्हणजे रबरी खरारा. मुलाच्या तळव्यात बसतो, पट्टा घट्ट करता येतो, दात मऊ आहेत. मान, खांदा, पोटाची बाजू आणि पुठ्ठा इथे गोल गोल फिरवायचा. सुटलेले केस आणि धूळ वर येते. तोंड, पाठीचा कणा आणि गुडघ्याखालचे पाय इथे तो लावायचा नाही, कारण कातडीखाली लगेच हाड असतं. मुलं हमखास एकाच जागी जोर काढत बसतात. घोडा कान मागे पाडतो, शेपटी झटकतो; तेवढ्यावर थांबायला मूल शिकलं की खराऱ्याचे पैसे वसूल. हे तोंडी सांगून येत नाही, हातात खरारा असतानाच येतं.

लोखंडी खरारा मात्र मुलांच्या संचात का घालतात, कळत नाही. त्याचं काम ब्रश साफ करण्याचं. ब्रशचे चार-पाच हात मारले की तो या दातांवर घासायचा, बस. पण आपल्याकडे बऱ्याच तबेल्यांत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, तोच थेट अंगावर ओढतात, मुलं बघतात आणि तसंच करतात. कातडी ओरखडली जाते, घोडा खराऱ्यालाच बिचकायला लागतो. हा नग सरळ बाजूला काढून ठेवा. ब्रश रबरी खराऱ्यावरही झटकता येतो.

कडक ब्रश वाळलेल्या चिखलापुरता ठीक, केस थोडे आखूड आहेत. मऊ ब्रश चांगला: लांबी मुलाच्या हाताला शोभेशी, तोंडावरूनही फिरवता येतो. कंगवा प्लास्टिकचा आणि बारीक दातांचा, त्यामुळे आयाळ तुटते. आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर यायचं. शेपटी विंचरताना मूल मांडीच्या बाजूला उभं हवं, पाठीमागे कधीच नाही; घोड्याला थेट मागचं दिसत नाही.

आता आकडी. संचातली सगळ्यात स्वस्त दिसणारी, पण सगळ्यात महत्त्वाची वस्तू. टोक बोथट आहे, मागच्या बाजूला छोटा ब्रश आहे, मूठ घसरत नाही. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून खांद्याशी उभं राहायचं, हात पायावरून खाली सरकवत न्यायचा, खूर उचलायचा आणि टाचेकडून पुढच्या टोकाकडे खरवडायचं. तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत लीद आणि खडे अडकतात. खाचेतून काळपट, कुजका वास येणारा मळ निघाला तर जमीन ओली राहतेय असं समजा आणि नालबंदाला किंवा डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात हे फार होतं. मागचा पाय दहा वर्षांच्या मुलाला पेलत नाही. तो मोठ्या माणसाने धरायचा, मुलाने खरवडायचं. गुडघे टेकून बसायचं नाही, फक्त वाकायचं, म्हणजे चटकन मागे होता येतं.

पट्टीने मानेवरचं, पाठीवरचं पाणी निपटता येतं. पायांना हातच बरा. स्पंज एकच दिलाय, ही मोठी चूक. डोळे-नाकाचा वेगळा आणि शेपटीखालचा वेगळा हवा, दोन रंगांचे घ्या म्हणजे अदलाबदल होत नाही. पिशवीला हवा जायला जागा नाही. ओले ब्रश आत राहिले की पावसाळ्यात बुरशी धरलीच. त्यापेक्षा भोकांची प्लास्टिकची टोपली बरी.

आणि हा संच एकाच घोड्याला वापरायचा. गजकर्ण ब्रशवरून घोड्याकडून घोड्याकडे जातं आणि मुलांनाही होतं. आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्याने धुवा, लाकडी पाठ बुडवू नका, केस खाली करून सावलीत वाळवा. रविवारी दुपारी बाल्कनीत घोड्याच्या वासाचे ब्रश वाळत पडणार, हे घरातल्या सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं बरं.

घराचं वेळापत्रकही बदलतं, ते संचाच्या जाहिरातीत नसतं. मोठ्या माणसाला खराऱ्याला वीसेक मिनिटं लागतात, मुलाला सहज दुप्पट. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, खाल्ल्यावर किमान तासभर स्वारी करायची नाही, त्यामुळे शाळेच्या दिवशी उठायचं कोणी आणि सोडायला जायचं कोणी, हे रात्रीच ठरवावं लागतं. ४०० किलोच्या घोड्याला रोज साधारण ६ ते ८ किलो सुका चारा आणि २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच. दहा लिटरची भरलेली बादली मुलाला झेपत नाही. अर्धी भरून द्या, फेऱ्या वाढू देत. घोड्याला ओकारी करता येत नाही, म्हणून पोटात दुखलं की प्रकरण लगेच गंभीर होतं. चंदी तशीच राहिली, तो सारखा कुशीकडे बघतोय, पाय आपटतोय, एवढं नजरेने टिपून ताबडतोब मोठ्यांना सांगणं, हे काम मुलावर खरोखर सोपवता येतं. खाणं काढून घेणं आणि डॉक्टरांना फोन करणं मोठ्यांचं.

संच घेण्याआधी मुलाचा धनुर्वाताचा डोस झालाय का ते बघा. त्याचे जंतू तबेल्याच्या मातीत आणि लिदीत असतात. जमिनीवर काम करतानाही घोडेस्वारीचं हेल्मेट हवं, सायकलचं चालत नाही.

किंमत हजार ते दोन हजारांच्या घरात. सुटं घेतलं, म्हणजे रबरी खरारा, मऊ आणि कडक ब्रश, आकडी, दोन स्पंज आणि टोपली, तर सहसा स्वस्तच पडतं. संचच घेणार असाल तर पार्सल आल्या आल्या ब्रशचे केस चिमटीत धरून ओढा. झुपकाच हातात आला तर त्याच दिवशी परत पाठवा.