गन्सन कलरट्यून: काचेतून दिसणारा एमजीबीचा जाळ

दिसायला कलरट्यून हा साधा १४ मिलिमीटर आट्यांचा स्पार्क प्लग. फरक एवढाच, की मधल्या चिनी मातीच्या जागी उष्णता सोसणारी काच आहे आणि सिलिंडरमधला जाळ तिच्यातून दिसतो. जाळ पिवळा-केशरी म्हणजे पेट्रोल-हवेचं मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), गॅसच्या शेगडीसारखा निळा म्हणजे बरोबर, फिकट पांढुरका निळा म्हणजे लीन (पेट्रोल कमी). ब्रिटनमधल्या गन्सनच्या या अवजाराची एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवाल्यांमध्ये शिफारस होते ती मिक्श्चर जुळवण्यासाठी. खरं तर त्या कामाला ते नसलं तरी चालतं. बिघाड पेट्रोलचा की करंटचा, हे ठरवायला मात्र त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झाली. इंजिन १७९८ सीसीचं बी-सीरीज, त्यावर एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर, नंतरच्या गाड्यांत एचआयएफ४. आपल्या जुन्या अँबॅसडरचं १४८९ सीसी इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे त्यावर हात बसलेल्या मिस्त्रीला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पेटी उघडण्याआधी बाकीची कामं उरका. थंड इंजिनवर टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप ०.३८ मिलिमीटर. लुकास २५डी डिस्ट्रिब्युटरचे (गॅरेजातल्या भाषेत डेल्कोचे) पॉइंट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. प्लगचा गॅप ०.६३. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. क्रम उलटा केलात तर मेहनत वाया जाते, कारण पॉइंटचा गॅप हलला की टायमिंग हलतं आणि टायमिंग हललं की आयडलिंग. दोन्ही कार्बोरेटरची हवाही आधी सारखी करून घ्या. थ्रॉटल स्पिंडलमधल्या जोडाच्या क्लिपा सैल करा, रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरा, दोन्हीकडे सुसकारा एकसारखा येईपर्यंत आयडल स्क्रू फिरवा. हवा मोजायचं मीटर असेल तर उत्तम, पण कान पुरतो. डॅशपॉटमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या नळकांड्यातलं, तेलही बघा. एसएई २० ग्रेड, पोकळ पिस्टन रॉडच्या तोंडापासून साधारण १३ मिलिमीटर वरपर्यंत.

इंजिन नेहमीच्या प्लगवरच पुरतं गरम करा. चोक ओढून कलरट्यूनवरच गरम करायला गेलात तर काच काजळीने माखते आणि पुढचा अर्धा तास तुम्ही धूरच बघत बसता. गरम झालं की बंद करून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा आणि हा हाताने बसवा, पान्याचा जोर लावू नका. पेटीतली जोडवायर प्लग आणि एचटी लीडच्या (ठिणगीचा करंट आणणाऱ्या जाड वायरच्या) मध्ये येते.

गैरसोय इथून सुरू होते. या इंजिनचे प्लग उजव्या बाजूला, कार्बोरेटर डाव्या. जाळ बघणारा एकीकडे, नट फिरवणारा दुसरीकडे. सोबत आरशाची नळी मिळते, ती खेळणं समजून बाजूला टाकू नका. आडव्या बसणाऱ्या या प्लगात डोकावायला तीच उपयोगी पडते, शिवाय आजूबाजूचा उजेड अडवते. भर दुपारी अंगणात काहीच धड दिसत नाही. संध्याकाळ किंवा शेड हवी, आणि शेड असेल तर दार उघडं हवं, एक्झॉस्टचा धूर बाहेर गेला पाहिजे. मोबाइलने बघायचं तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लॉक करा. ऑटोवर तो पिवळ्याचा पांढरा आणि निळ्याचा भलताच काहीतरी करून दाखवतो.

एचएस४ मध्ये जेटच्या (पेट्रोल येतं त्या नळीच्या) खाली षट्कोनी नट असतो. एक पैलू म्हणजे एक षष्ठांश फेरा. नट वर सरकवून जेट ब्रिजच्या (कार्बोरेटरच्या हवेच्या वाटेतल्या उंचवट्याच्या) पातळीला आणा, तिथून दोन फेरे म्हणजे १२ पैलू खाली. ही सुरुवात. नट खाली गेला की रिच, वर गेला की लीन. जाळ आधी मुद्दाम पिवळा करा, मग एकेक पैलू वर घेत पिवळेपणा जेमतेम गेला की थांबा. नट फिरवल्यावर जेट बोटाने वर ढकलायला विसरू नका, नाहीतर तो खालीच अडकलेला असतो आणि आपण उगाच नटाला दोष देतो. एचआयएफ४ मध्ये बाजूला स्क्रू असतो, तो घड्याळाच्या दिशेने आत घेतला की रिच. तीन-चार मिनिटांत जमलं नाही तर थोडी रेस देऊन साचलेलं पेट्रोल जाळून टाका आणि पुन्हा बघा. मग प्लग चौथ्या सिलिंडरला लावून मागच्या कार्बोरेटरचं तेच, आणि एकदा परत पुढचं, कारण दोन्हींना जोडणाऱ्या बॅलन्स पाइपमुळे एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरचे रंग थोडे वेगळे दिसले तर कार्बोरेटर उघडायला धावू नका. या हेडमध्ये दोन-दोन सिलिंडरना मिळून एकच इनलेट पोर्ट आहे, दोघांना अगदी सारखी वाटणी होत नाही.

आता पडताळा फुकटातला. कार्बोरेटरखालची लिफ्टिंग पिन हलकेच दाबून कार्बोरेटरमधला पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचला. इंजिनचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच, पडला तर लीन, क्षणभर वाढून मूळपदावर आला तर बरोबर. निव्वळ जुळवणी करायची असेल तर एवढं पुरे, हे आधीच सांगितलं.

काचेचे पैसे वसूल होतात ते गाडी मिसिंग मारते तेव्हा. काचेत ठिणगीच मधूनमधून गायब होत असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका. रोटर, कॅप, एचटी लीड, कंडेन्सर बघा. ठिणगी नियमित पण जाळ चुकतोय, तर मिक्श्चर फार लीन किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं. नट कितीही वर घेतला तरी पिवळं जात नाही? चोकची केबल जेट खाली ओढून धरत असेल, तिला दीडेक मिलिमीटर ढिलाई हवी. ती ठीक असेल तर फ्लोट चेंबरचं झाकण काढून उलटं धरा. फ्लोट आणि झाकणाच्या कडेमध्ये ३.२ ते ४.८ मिलिमीटर अंतर हवं, तेही बरोबर असेल तर चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह झिजलाय. उलट नट खाली घेऊनही पांढुरकं जात नसेल तर कुठूनतरी हवा ओढतेय. मॅनिफोल्डचा गॅस्केट, ब्रेक सर्व्होची नळी, आणि सगळ्यांत जास्त वेळा झिजलेला थ्रॉटल स्पिंडल. स्पिंडल बोटाने वरखाली हलवा, आयडलिंग बदललं की चोर सापडला. गरम मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधायची पद्धत आहे, ती आग लावणारी आहे. पाण्याची फवारणी पुरते. आणि झटकन रेस दिल्यावर जाळ क्षणभर पिवळा होण्याऐवजी पांढरा पडून कार्बोरेटर शिंकला, तर डॅशपॉटचं तेल कमी आहे.

मर्यादा दोन, आणि दोन्ही मोठ्या. पहिली म्हणजे हा प्लग लोडवर चालवायचा नसतो. आयडलिंग आणि जराशी रेस, बस. घाटात गाडी लीन होते का हे जेटमध्ये वरखाली होणाऱ्या नीडलच्या आकारावर ठरतं आणि काच ते दाखवत नाही. वेगळे एअर फिल्टर लावले असतील तर रोड टेस्टनंतर नेहमीच्या प्लगांचा रंग वाचा, किंवा सरळ वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवा. दुसरी मर्यादा पेट्रोलची. पिवळा रंग येतो तापलेल्या काजळीच्या कणांमुळे, आणि इथेनॉल काजळी कमी धरतं. आपल्या पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये पिवळ्याकडून निळ्याकडे जायची सीमा पुसट होते, शिवाय त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. ई२० वर निळं दिसलं की तिथे न थांबता अर्धा-एक पैलू रिचकडे ठेवा आणि लिफ्टिंग पिनने खात्री करा.

किंमत नेहमीच्या चार प्लगच्या सेटपेक्षा बरीच जास्त आहे. दोन-तीन जणांत मिळून एक घेतला तरी चालेल, वर्षातून दोनदाच लागतो. ऑइल खाणाऱ्या इंजिनसाठी घेऊ नका, काच काही मिनिटांत काळवंडते. काम झालं की निवू द्या, काच खूप तापते, आणि परत ठेवण्याआधी पेटीतल्या पितळी ब्रशने आतली काजळी काढा.