पाण्याचे फोटो सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर, लेन्सवर लावायचा चमक कमी करणारा फिल्टर) लावून काढायचे की न लावता?
रतनवाडीच्या बाजूला पहाटे भंडारदऱ्याच्या आर्थर लेकच्या काठावर बसलेलो, वारा अजिबात नाही, पाण्यात डोंगर जसाच्या तसा उलटा, आणि मी शहाणा सवयीने सीपीएल लावून रिंग फिरवली तर डोंगर फिका पडला न पायाजवळ नुसते दगड आणि शेवाळ दिसायला लागलं. पाण्याच्या पातळीशी साधारण 37 अंशात कॅमेरा धरला की हा फिल्टर सगळ्यात जास्त चमक खातो, वर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड पण जातो. म्हणजे प्रतिबिंब हवं तर काढूनच ठेवा. पण पावसाळ्यातला ओढा, ओली पानं, चकाकणारा कातळ असेल तर सीपीएलला तोड नाही, हिरवा काय उठून येतो राव! मधलाच पर्याय, अर्धवट फिरवून बघा, कधी कधी दोन्ही मिळतं.